मेंढरांच्या मधे आलेलं विमान

केजमध्ये तहसील कचेरीसमोरच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ आहे. आता माझ्याकडं दोनच तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. एक, कचेरीतल्या अर्जाला पासपोर्ट फोटो लागतो म्हणून धावत येणारी. आणि दुसरी, घरातलं माणूस गेलं म्हणून भिंतीवर लावायला फोटो करून घेणारी. या दुसऱ्या कामात माझा हात चांगला बसलाय. लोक लग्नातला एखादा फोटो आणतात, त्यात म्हातारा पंगतीत बसून बुंदी खात असतो. मी त्याच्या हातातली बुंदी काढतो, शेजारची माणसं काढतो, अंगात कोट घालतो, मान सरळ करतो. घरची मंडळी बघतात आणि डोळ्याला पदर लावतात.

बाकी दुपार रिकामी असते. अशाच एका दुपारी, जुन्या निगेटिव्हवरची बुरशी कशी काढावी हे फोनवर शोधता शोधता मी एका भलत्याच मंडळींत जाऊन पडलो. महायुद्धाच्या काळात तात्पुरते बांधलेले आणि नंतर कुणाच्याच लक्षात न राहिलेले विमानतळ, नुसत्या फोटोवरून ओळखून काढणारी ही माणसं. जगभर पसरलेली, बहुतेक साठी-सत्तरीची. कुणाला तरी वडिलांच्या पेटीत एक फोटो सापडतो: चार शिपाई, एक विमान, मागं धूळ. कुठला ते माहीत नसतं. मग बाकीचे सगळे त्या फोटोवर तुटून पडतात. सावली किती लांब आहे, झाड कसलं आहे, झोपडीचं छप्पर कोणत्या तऱ्हेचं आहे, डोंगराची रेघ कशी जाते. महिनोन्‌महिने वाद चालतो. आणि एक दिवस कुणीतरी सांगतं की ही जागा अमुक देशातलं अमुक भाताचं शेत आहे. मग सगळे एकमेकांचं अभिनंदन करतात आणि पुढचा फोटो घेतात.

मला हे फार आवडलं. फोटोतून माणसं काढायचं काम जन्मभर केलेल्या माणसाला, फोटोत जागा परत घालायचं काम आवडणारच. इंग्रजी मला बेताचंच येतं, पण फोनमध्ये भाषांतराची सोय आहे. मी मराठीत लिहायचो, फोन त्याचं इंग्रजी करून पाठवायचा.

बायको म्हणाली, "सापडल्यावर काय करता त्या इमानतळाचं?"

"काही नाही."

"मग कावून धुंडाळता?"

मी पुढचा फोटो उघडला. तिनंही फार ताणून धरलं नाही.

एकदा स्कॉटलंडमधल्या एका आजोबांनी त्यांच्या वडिलांचा फोटो टाकला. एक गोरा शिपाई स्टुलावर बसलाय. नुसत्या बनियनवर नाही, नीट शर्ट घालून, पण चेहरा उन्हानं पार गळालेला. त्याच्या मागं एक लहान विमान. विमानाच्या पंखाच्या सावलीत मेंढरं बसलीत, चांगली पंधरा-वीस, दाटीवाटीनं. पलीकडं कसलासा ढीग आणि त्याही मागं एक बुटकी टेकडी, तिच्या माथ्याला डावीकडं एक खाच. आजोबांना एवढंच ठाऊक होतं की वडील त्या काळात हिंदुस्थानात होते. कुठं, ते कधी बोलले नाहीत.

मंडळींचं म्हणणं पडलं की हा ब्रह्मदेश असावा. मी तो ढीग मोठा करून बघितला आणि हसलोच. ती कडब्याची गंजी होती. ज्वारीचा वाळलेला कडबा आपल्याकडं जसा रचतात तशी, वर निमुळती. मी लिहिलं, "विमानाच्या मागं कडब्याची गंजी आहे. हा आमचा भाग आहे."

फोननं त्याचं भाषांतर काय केलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. 'गंजी' हा शब्द हिंदी समजून त्यानं त्याची टक्कल पडलेली बाई केली होती. विमानाच्या मागं एक टकली बाई उभी आहे आणि ती आमच्या भागातली आहे, असा माझा निरोप जगभर गेला होता. सगळे तिला शोधत होते. कॅनडातल्या एका गृहस्थाला ती सापडलीसुद्धा. पंखाच्या टोकाशी त्यानं लाल वर्तुळ काढून पाठवलं होतं. त्यात मेंढराचं ढुंगण होतं. मग मी गल्लीतल्या एका दुकानदाराच्या अंगणातली खरी गंजी फोटो काढून पाठवली, तेव्हा कुठं उलगडा झाला. माझं वजन एकदम वाढलं.

त्याच दुपारी बायको डबा घेऊन दुकानात आली. पडद्यावर तो फोटो मोठा करून ठेवलेला होता. तिनं डबा ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "हे आमचं रान हाय की."

"कुठलं रान?"

"माह्या माहेरचं. ती खाच न्हाई का? तिथं आमी पोरी बोरं खायाला जायचो. एकदा मी तिथून घसरूनबी पडलते."

तिचं माहेर तलवाड्याच्या पुढं. लग्न झाल्यापासून मी तिथं असंख्य वेळा गेलोय, पण त्या टेकडीकडं मी कधी मान वर करून बघितलं नव्हतं. जावई माणूस ताटाकडं बघतो. तिनं मात्र एका नजरेत ओळखली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून आम्ही मोटारसायकलवर निघालो. माजलगावात चहा घेतला. तिथून पुढं उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागं मागं रांगत दुपारी सासरवाडीला पोचलो. तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा, गावचा माजी सरपंच. अजूनही गावात त्याला सरपंचच म्हणतात; आजी सरपंचसुद्धा म्हणतो. त्यानं फोटो बघितला, बाहेर ओसरीवर जाऊन टेकडी बघितली, पुन्हा फोटो बघितला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "दाजी, हे कुणाला दावलं तर न्हाई ना?"

"जगभर दाखवलंय."

"जगाचं सोडा हो. गेवराईत, तहसिलात कुणाला?"

त्याची भीती सरळ होती. विमानतळ होता म्हणजे जमीन मिलिटरीची. मिलिटरीची म्हणजे उद्या मिलिटरी मागायला येणार. ही भीती जेवण होईपर्यंत गावभर गेली. हात धुवून पारावर गेलो तर माणसं माझ्याशी बोलायला तयार नाहीत. एक म्हातारा, गावातला सगळ्यात वयस्क, काठी टेकत उठला आणि सगळ्यांच्या वतीनं म्हणाला, "आमच्या गावावरून इमान न्हाई, पाखरूबी कधी गेलेलं न्हाई. लिहून घ्या." तो बोलत असताना डोक्यावरून पारव्यांचा एक थवा गेला. कुणी वर बघितलं नाही.

आम्ही हिरमुसून परत आलो. मी मंडळींना कळवलं की गावकरी सहकार्य करत नाहीत. स्कॉटलंडच्या आजोबांनी लिहिलं की त्यांच्याकडंही असंच असतं.

थोड्या दिवसांनी मेव्हण्याचाच फोन आला. आवाज पार बदललेला. "दाजी, या लवकर. समदं गाव तुमची वाट बघतंय."

मधल्या काळात झालं होतं असं, की तालुक्याला गेलेल्या कुणीतरी बातमी आणली: जिथं पूर्वी विमानतळ होता तिथंच सरकार नवा करतंय, आणि ज्याच्या रानात धावपट्टी होती त्याला मावेजा, म्हणजे नुकसानभरपाई, मिळणार. ही बातमी त्याला कुणी दिली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण आम्ही पोचलो तेव्हा गावात विमान उतरलं नव्हतं असं एकही रान उरलेलं नव्हतं. विहिरीत उतरलं होतं असं तेवढं कुणी म्हणालं नाही. तोच वयस्क म्हातारा मला हाताला धरून घरी घेऊन गेला. म्हणाला, "गोऱ्यानं हितंच, ह्या ओट्यावर बसून तांब्याभर ताक पेलंय."

मी हिशेब लावून विचारलं, "बाबा, तुमचा जन्म झाला होता का तेव्हा?"

"मी पोटात होतो," म्हातारा म्हणाला. "पर ऐकू येत होतं."

पारावर भांडणं सुरू झाली. दोन चुलतभाऊ एकमेकांच्या अंगावर गेले, कारण एकाच्या रानात विमानाचं पुढचं चाक आणि दुसऱ्याच्या रानात मागचं, असं कुणीतरी सुचवलं होतं. शेवटी मेव्हणा उठला. "आरं गप बसा बे! दाजी फोटोवाले हायत. फोटो जिथं बसंल तिथं इमान. मान्य हाय का?" सगळ्यांनी मान्य केलं, कारण प्रत्येकाची खात्री होती की फोटो आपल्याच रानात बसणार.

काम खरं म्हणजे सोपं होतं. फोटोत टेकडी जशी दिसते तशी ज्या जागेवरून दिसेल, ती फोटो काढणाऱ्याची जागा. मी कॅमेरा गळ्यात घालून रानारानातून हिंडलो आणि माझ्यामागं अख्खं गाव. एका हरभऱ्याच्या रानात टेकडी बरोबर जुळली. पण विमान किती लांब उभं होतं ते ठरेना. त्यासाठी विमानाएवढी वस्तू तिथं उभी करायला हवी होती. मी हे सहज बोललो. मेव्हण्यानं ते मनावर घेतलं.

तासाभरात ट्रॅक्टर आला. त्याच्यावर आडवे लांब वेळू बांधले, त्यावर ताडपत्री ओढली. मागं ट्रॉलीला शेपूट हवं म्हणून झोपायची बाज उभी करून बांधली. पुढं पंखा पाहिजे म्हणून कुणीतरी कुलर खोलून त्याची पाती आणली आणि नाकाला तारेनं आवळली. वाऱ्यानं ती फिरायला लागली तेव्हा टाळ्या पडल्या. बायका घरातून लुगडी बदलून आल्या आणि विमानासमोर उभ्या राहून फोटो काढून घेऊ लागल्या. गेल्या कित्येक वर्षांत माझ्या कॅमेऱ्यासमोर एवढी जिवंत माणसं आली नव्हती.

राहिली मेंढरं. गावाबाहेर एका मेंढपाळाचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, बसलेला होता, त्याला बोलावणं गेलं. तो आला, उंच, डोक्याला लाल पटका. मी फोनवर फोटो दाखवला: "बाबा, अशी बसवायची आहेत, पंखाखाली." त्यानं फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, "ही आमची मेंढरं हायत."

"कशावरून?"

"तोंडावरून." तो कळपात शिरला, एक मेंढी मानेला धरून घेऊन आला आणि तिचं तोंड फोनशेजारी धरलं. "ही बघा. हिची आजी, पणजी, कोण असंल ती. हिचंच वाण हाय."

सगळे वाकून बघू लागले. मीही बघितलं. खरं सांगायचं तर साम्य होतं. मेंढरांत ते नेहमीच असतं, हा भाग वेगळा.

मेंढरं काही केल्या पंखाखाली जाईनात. ताडपत्री फडफडली की बुजून पळायची. शेवटी खाली कडवळाचा हिरवा चारा टाकला तेव्हा गेली. मेव्हणा शर्टाची बटणं लावून गोऱ्याच्या जागी स्टुलावर बसला, चेहरा गाळला, आणि मी फोटो घेतला. जुना आणि नवा शेजारी ठेवले तर टेकडी रेघेला रेघ जुळत होती.

तो फोटो मी मंडळींना पाठवला. संध्याकाळपर्यंत जगभरातून अभिनंदनं आली. मात्र त्यांच्यात लगेच वादही लागला: हा विमानतळ अजून चालू आहे हे कुणालाच कसं माहीत नाही, आणि हे विमान कुठल्या जातीचं? मी लिहिलं, तो ट्रॅक्टर आहे. एकानं विचारलं, या नावाचं विमान कोणत्या देशानं बनवलं? ऑस्ट्रेलियातल्या एका जाणकारानं शेपटाची बाज बघून सांगितलं की हे अतिशय दुर्मिळ शिकाऊ विमान आहे, जगात बहुधा एकच उरलं असेल. तेवढं मात्र बरोबर होतं.

इकडं गावच्या फाट्यावर मेव्हण्यानं पाटी लावली: 'विमानतळ फाटा'. जीपवाले तलवाड्याच्या चौकात "इमानतळ, इमानतळ, एकच शीट!" असं ओरडू लागले. एक बाई सामानाची बॅग घेऊन फाट्यावर उतरली आणि पुण्याचं विमान किती वाजता आहे विचारू लागली, असं मेव्हणा अभिमानानं सांगायचा.

मग एक दिवस तो मेंढपाळ एस.टी.नं केजला, माझ्या स्टुडिओत आला. त्याला तो जुना फोटो मोठा करून, काचेत बसवून हवा होता. "आमच्या घरी म्हाताऱ्यांचा एकबी फोटो न्हाई," तो म्हणाला. "मेंढरांचा तरी आसू द्या."

मी म्हटलं, देतो की.

"पर ते इमान काढा."

"विमान?"

"मधे मधे येतंय. मागची दोन मेंढरं त्याच्या चाकाआड गेलीत."

त्या फोटोत विमान होतं म्हणून तर जगभरातले म्हातारे झोप सोडून बसले होते. पण गिऱ्हाइकानं सांगितलं ते करायचं, हा आमचा धर्म. मी विचारलं, "आणि गोरा?"

त्यानं विचार केला. "राहू द्या. बसलाय बिचारा."

मी कामाला लागलो. पंख काढला, चाक काढलं, त्याआडची मेंढरं भरून काढली. गोऱ्याच्या शर्टापाशी आलो आणि हात थांबला. शर्टाची पट्टी उलटी होती. पुरुषाच्या शर्टाला बटणं ज्या बाजूला असतात त्याच्या विरुद्ध. घड्याळ उजव्या मनगटावर. खिसाही उजवीकडं. मेलेल्या माणसांना जन्मभर शर्ट-कोट घातलेत, त्यामुळं यात माझी चूक होणं शक्य नव्हतं. कुणीतरी त्या काळी निगेटिव्ह उलटी ठेवून फोटो छापला होता. मी पडद्यावर फोटो सुलटा केला. बटणं जागेवर आली, घड्याळ डाव्या हाताला आलं, आणि टेकडीची खाच उजवीकडं गेली.

मेंढपाळ फोटो घेऊन खुशीत गेला. मेंढरं कुणीकडून कुणीकडं बघतायत याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. मी मात्र घरी जाऊन बायकोला सांगितलं, "ती टेकडी तुमची नाही. खाच उजवीकडं आहे."

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "पल्याडून बघितल्यावर उजवीकडंच दिसंल की."

एवढं साधं होतं. टेकडी तीच, बाजू दुसरी. म्हणजे विमान टेकडीच्या पलीकडं उभं होतं, आणि पलीकडं दुसरं गाव. या दोन गावांचं कधीच्या काळी जत्रेतल्या कुस्तीवरून बिनसलेलं, आणि तेव्हापासून सोयरीक बंद. कुस्ती कोण जिंकलं होतं हेही आता दोन्हीकडं वेगवेगळं सांगतात.

मी मेव्हण्याला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "दाजी, फोटो उलटा छापला ही त्या छापणाराची चूक. त्यात आमच्या गावाचा काय गुन्हा?"

"पण विमान पलीकडं होतं."

"आसंल. उभं तिकडं ऱ्हायलं आसंल. उतरलं हितंच. बोर्ड लागलाय आता."

मी आणि बायको पुन्हा निघालो, या वेळी सासरवाडीला न जाता टेकडीला वळसा घालून. पलीकडच्या गावात आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. मी पहिल्याच माणसाला, कापसाच्या रानात उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याला, फोटो दाखवून विचारलं की इथं कुठं जुनी धावपट्टी आहे का.

"धावपट्टी न्हाई," तो म्हणाला. "गोऱ्याची सडक हाय. तुमी तिच्यावरच उभे हायत."

मी खाली बघितलं. पायाखाली घट्ट दाबलेला मुरूम, रुंद, सरळ, दोन्हीकडं कापूस. कापसातून सुरू होत होती आणि कापसातच संपत होती. "कुठं जाते?" मी विचारलं.

"कुठंच न्हाई. आज्यापासून बघतोय. हिच्यात नांगर शिरत न्हाई, काय पिकत न्हाई. सोयाबीन वाळू घालतो. आन् बाया स्कूटी शिकतेत."

तिथं खरोखरच तीन-चार बाया स्कूटी शिकत होत्या. मुरमाच्या त्या पट्टीवर एक नऊवारी नेसलेली आजी जिवाच्या आकांतानं हँडल धरून सरळ चालली होती आणि मागून तिची सून ओरडत होती, "आत्याबाई, बिरेक!"

मी फोटो काढले. खाच उजवीकडं, रेघेला रेघ. फोनला रेंज होती, तिथूनच स्कॉटलंडला पाठवले आणि सगळा खुलासा लिहिला, या वेळी गंजीसारखा शब्द येणार नाही अशा बेतानं. आजोबांचं उत्तर तासाभरात आलं. त्यांनी लिहिलं होतं की वडील त्या दिवसांबद्दल घरी कधीच बोलले नाहीत. आता ते कुठं बसून गप्प होते एवढं तरी कळलं. मी ते दोनदा वाचलं. बाकी मंडळींना मात्र हा फोटो फारसा भावला नाही. त्यात विमान नव्हतं. त्यांनी ट्रॅक्टरवालाच फोटो माथ्यावर लावून ठेवला, तो अजून तिथं आहे.

मी मान वर केली तर बायको दिसेना. मग दिसली. कुणाची तरी स्कूटी घेऊन ती धावपट्टीच्या मधोमध बसली होती, पदर कमरेला खोचलेला, दोन बाया दोन्हीकडून धरून.

"अगं, काय करतेस?" मी ओरडलो.

"शिकायले!"

बायांनी सोडून दिलं. स्कूटी डगमगली, सरळ झाली आणि सुटली. मी तिच्यामागं पळालो. ती पट्टीच्या टोकापर्यंत बाणासारखी गेली. पुढं वळायचं असतं हे तिला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून ती तशीच कापसात शिरली आणि आडवी झाली. मी धापा टाकत पोचलो तेव्हा ती बोंडांमध्ये बसून हसत होती. कोपर खरचटलं होतं.

शेतकऱ्यानं आम्हाला घरी नेलं; त्याच्या आईनं हळद लावली आणि चहा ठेवला. "माहेर कुठलं ग बाई तुझं?" म्हातारीनं विचारलं.

बायकोनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "टेकडीच्या अल्याडचं."

अल्याड म्हणजे कुणाच्या अल्याड, या खोलात न जाता म्हातारीनं कपात आणखी थोडी साखर टाकली आणि विचारलं, "उद्या येतीस का शिकायला?"